आठशे रुपयांचा कागद आणि सातबाऱ्यावरचा बोजा

(जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



आजच्या बैठकीत कापसावर बोलून झाले, सोयाबीनवर बोलून झाले, विजेच्या बिलावरही बोलून झाले. माझा विषय त्यामानाने बारका आहे. तुम्ही ज्या गाडीवर बसून इथे आलात, त्या गाडीच्या विम्याबद्दल मी बोलणार आहे. काही जण हसतायत. पण मंडपाबाहेर मोटारसायकलींची रांग लागली आहे. त्यातल्या किती गाड्यांचा विमा आज चालू आहे? हात वर करा बघू. आता ज्यांनी हात वर केले त्यांनी सांगावे, तुमच्या पॉलिसीत मागे बसलेल्या घरधनिणीला काय मिळते?

बघा, हात खाली आले. म्हणूनच हा विषय घेतला.

आपली गाडी म्हणजे हौस नाही. पूर्वी दाराशी बैलजोडी असायची, तिची जागा आज मोटारसायकलीने घेतली आहे. डेअरीचे कॅन, खताचे पोते, फवारणीचा पंप, शाळेची पोरे, दवाखान्याला नेायची म्हातारी, सगळे तिच्यावरच. आणि हंगाम पडला की पहिली काटछाट होते ती तिच्या विम्यावर. काटछाट करायला माझी ना नाही. आपल्या मालाला भाव मिळत नाही, तेव्हा खर्च कमी करणे ही आपली चैन नसून गरज आहे. पण कुठला खर्च कापायचा हे कळले पाहिजे. खताचा बजेट कमी पडला की आपण युरिया तेवढा टाकतो आणि पालाश सोडून देतो. पीक हिरवेगार दिसते, पण दाणा भरत नाही. विम्याचेही अगदी तसेच आहे. कागद हातात असतो, पोलिसाने अडवले तर दाखवता येतो, पण वेळ आली की त्यात दाणा नसतो.

एका घराची गोष्ट

आपल्याच एका कार्यकर्त्याची हकीगत आहे, नाव सांगत नाही. आठ वर्षांची जुनी गाडी. विम्याची तारीख आली ती नेमकी पेरणीच्या तोंडावर. एजंटाने विचारले, "भाऊ, फुल करू की थर्ड पार्टी?" गडी म्हणाला, "जुन्या गाडीला कशाला फुल? थर्ड पार्टी कर." चार-साडेचारशे रुपये वाचले. हिशेब चुकीचा वाटत नाही, मीही कदाचित तेच केले असते.

दिवाळीनंतर नवरा-बायको बाजाराहून परत येत होते. संध्याकाळची वेळ. खड्डा चुकवताना गाडी घसरली, बायको मागच्या मागे पडली आणि डोक्याला मार लागला. दुसरी गाडी नाही, दुसरा माणूस नाही. दवाखान्याचे बिल भरता भरता तीन एकरांतला एक एकर गेला. विमा कंपनीकडे गेला तर उत्तर आले की मागे बसणारी व्यक्ती या पॉलिसीत येत नाही. कंपनीने लबाडी केली असे मला म्हणता येत नाही. कागदावर तसेच होते. आज ती बाई उठते-बसते, पण हातात खुरपे धरता येत नाही. घरातल्या बाईच्या श्रमाची किंमत आपण कधी मांडत नाही. त्या घराने ती यंदाच्या हंगामात मांडली, रोजाने बाया लावाव्या लागल्या तेव्हा.

ही गोष्ट मनात ठेवून आता हिशेबाकडे येऊ.

भाव कोणी बांधला, भाव कुठे खुला

विम्याच्या कागदात एका हप्त्याआड तीन वेगळ्या वस्तू असतात. त्या सुट्या करून पाहिल्याशिवाय स्वस्त काय आणि महाग काय हे कळत नाही.

पहिली वस्तू थर्ड पार्टी. आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली, कोणी दगावले, तर त्याची भरपाई. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे ही सक्तीची आहे. हिचा भाव सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दराने ७५ ते १५० सीसीच्या गाडीला, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांच्या गाडीला, वर्षाला ७१४ रुपये. १५० ते ३५० सीसीला १,३६६ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे साध्या गाडीला ८४३ रुपयांच्या आसपास. सरकार हे दर बदलू शकते, तेव्हा पैसे भरताना त्या दिवशीचा दर विचारून घ्या. पण एक लक्षात ठेवा, या वस्तूचा भाव सगळ्या कंपन्यांत एकच. कोणी एजंट म्हणाला, "माझ्याकडे थर्ड पार्टी निम्म्यात मिळते," तर तो कागद खोटा आहे असे समजा. पॉलिसीवर क्यूआर कोड असतो, तो मोबाईलने तपासा. परिवहन खात्याच्या ॲपवर गाडीचा नंबर टाकला की विमा नोंदला आहे की नाही ते दिसते.

दुसरी वस्तू म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीचे नुकसान. अपघात, चोरी, आग, पूर. हिची सक्ती नाही. हिचा भाव १ जानेवारी २००७ पासून खुला झाला. इथे प्रत्येक कंपनीचा दर वेगळा. घासाघीस करायची ती इथे.

तिसरी वस्तू मालक-चालकाचा स्वतःचा अपघात विमा. २०१८ पासून ही रक्कम १५ लाख रुपये झाली. त्याआधी दुचाकीला ती फक्त एक लाख होती. याचाही हप्ता प्रत्येक कंपनीचा वेगळा, पण आहे काही शे रुपयांचाच. तुमच्याकडे आधीच १५ लाखांची वेगळी अपघात पॉलिसी असेल, तर गाडीबरोबर पुन्हा घ्यायची गरज नाही. दोन गाड्या असतील तर दोनदा घ्यायची गरज नाही. नुसते हे सांगितले तरी काही जणांचे पैसे आज वाचतील.

गंमत बघा. आपल्या मालाचा भाव सरकार पाडते, विम्याचा भाव सरकार बांधते. दोन्हीकडे आपणच मोजतो. पण जिथे बाजार खुला आहे तिथे तरी आपण बाजार केला पाहिजे. बैल घेताना चार बाजार फिरणारा आपला माणूस, विमा मात्र शोरूमवाला देईल तो घेतो. शोरूममधूनच विमा घ्यावा अशी सक्ती कायद्यात कुठेही नाही.

कुठे कापायचे नाही

पहिले, थर्ड पार्टीत एक दिवसाचाही खंड नको. विमा नसताना पहिल्यांदा सापडलात तर दंड २,००० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा ४,००० रुपये. म्हणजे एका दंडात दोन वर्षांचा हप्ता जातो. पण मला दंडाची भीती घालायची नाही. भीती वेगळ्याच गोष्टीची आहे. विमा नसलेल्या गाडीखाली माणूस दगावला तर अपघात न्यायाधिकरण भरपाईचा हुकूम मालकावर करते. ती रक्कम लाखांत जाते. कलम १७४ प्रमाणे न्यायाधिकरण कलेक्टरला दाखला देते आणि कलेक्टर ती रक्कम जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल करतो. याचा अर्थ तुम्हाला सांगायला नको. सातबारा.

बँकेची जप्ती आली तर आपण सगळे गाव गोळा करतो, घोषणा देतो, अधिकाऱ्याला परत पाठवतो. ते बरोबरच आहे, कारण ते कर्ज आपल्यावर धोरणाने लादले. पण इथे समोर कोण असतो? सायकलवरून मजुरीला निघालेला माणूस, त्याची विधवा, त्याची पोरे. तीही आपलीच माणसे. त्यांच्याविरुद्ध कोणत्या तोंडाने आंदोलन करणार? थर्ड पार्टीचा हप्ता हा पोलिसाला दाखवायचा कागद नाही, ते शेजाऱ्याचे देणे आहे.

दुसरे, मागे बसणारीचे संरक्षण. नीट ऐका. नुसती कायद्यापुरती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर मागे बसलेल्या माणसाची जबाबदारी कंपनीवर येत नाही, असे सुप्रीम कोर्टाने २००६ साली टिळक सिंग खटल्यात सांगितले. पण पॅकेज पॉलिसी असेल, म्हणजे आपण ज्याला फुल इन्शुरन्स म्हणतो ती, तर मागे बसणारा तिच्यात येतो. विमा नियामकाने २००९ च्या परिपत्रकात हे स्पष्ट केले आणि सुप्रीम कोर्टाने २०१२ साली बाळकृष्णन खटल्यात ते मान्य केले.

म्हणून जुन्या गाडीला फुल कशाला, हा प्रश्नच चुकीचा आहे. गाडी जुनी झाली की तिची विम्यातली किंमत उतरते, आणि किंमत उतरली की स्वतःच्या नुकसानीचा हप्ताही उतरतो. चारशे-पाचशेत पॅकेज होते. ते पैसे लोखंडासाठी भरायचे नाहीत, मागे बसणारीसाठी भरायचे. फार जुन्या गाडीला काही कंपन्या पॅकेज देत नाहीत. तेव्हा मागे बसणाऱ्याचा अपघात विमा जादा जोडून घ्यावा. त्याची रक्कम लहान असते, पण काहीच नसण्यापेक्षा बरी.

नवी गाडी घेणाऱ्यांसाठी एक सूचना. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांची थर्ड पार्टी एकदम घ्यावी लागते. स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र एक वर्षाचाच असतो. लोकांना वाटते, पाच वर्षे बिनघोर झालो. तसे नाही. दुसऱ्या वर्षी तो भाग पुन्हा घ्यावा लागतो, आणि तो दुसऱ्या कंपनीकडूनही घेता येतो. त्या वेळी मागे बसणाऱ्याबद्दल काय तरतूद आहे हे कंपनीकडून लेखी घ्या. तोंडी "होऽ साहेब, सगळे आहे" यावर जाऊ नका.

तिसरे, गाडी चालवतो कोण? आपल्याकडे गाडी बापाच्या नावावर आणि चालवतो मुलगा. मालक-चालकाचे १५ लाख हे मालकाला, आणि तेही त्याच्याकडे लायसन असेल तर. मुलगा स्वतःच्या चुकीने पडला तर तो थर्ड पार्टीही नाही आणि मालकही नाही. २०२० च्या रामखिलाडी खटल्यात सुप्रीम कोर्टाने हेच सांगितले की दुसऱ्याची गाडी मागून घेऊन चालवणारा मालकाच्या जागी येतो, त्याला थर्ड पार्टीची भरपाई मागता येत नाही. तेव्हा जो चालवतो त्याच्या नावावर गाडी करा, नाहीतर त्याच्या नावाने वेगळी अपघात पॉलिसी घ्या.

आणि लायसन. बिनलायसनचा पोरगा गाडी घेऊन गेला आणि कोणाला उडवले, तर कोर्ट कंपनीला भरपाई द्यायला लावू शकते, पण ती रक्कम मालकाकडून वसूल करायची मुभा कंपनीला देते. म्हणजे हप्ता भरूनही बोजा सातबाऱ्यावरच. सोळा वर्षांच्या पोराच्या हातात किल्ली देताना हे आठवा.

कुठे कापायचे

आता बचतीकडे येऊ. ज्या वर्षी दावा केला नाही, त्याचा बोनस मिळतो. स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के सूट. थर्ड पार्टीवर ही सूट नसते. हा बोनस गाडीचा नाही, मालकाचा असतो. जुनी गाडी विकून नवी घेतली तर तो नव्या गाडीला लावून घेता येतो. शोरूमवाला हे आपणहून सांगेलच असे नाही. कंपनी बदलली तरी बोनस टिकतो. पण पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की बुडतो.

एक ढोबळ हिशेब मांडतो, वहीत लिहून घ्या. समजा नुकसानीचा मूळ हप्ता ८०० रुपये आणि तुम्हाला ५० टक्के बोनस आहे. तुम्ही ४०० भरता. या वर्षी आरसा फुटला म्हणून दावा केला. पुढच्या वर्षी सूट शून्य, तोटा ४००. त्यानंतर २० टक्के सूट, तोटा २४०. मग २०० चा, मग १२० चा, मग ४० चा. एकूण एक हजार रुपये. म्हणजे हजार रुपयांच्या आतले काम असेल तर मिस्त्रीला रोख द्या आणि दावा करू नका. विमा हा फुटलेल्या आरशासाठी नसतो, फुटलेल्या संसारासाठी असतो.

दुसरी बचत जादा कलमांत. गाडी रस्त्यात बंद पडली तर मदत, किल्ली हरवली तर भरपाई, असली कलमे शोरूममध्ये गुपचूप जोडलेली असतात. आपल्या गावात मिस्त्री आहे, ती काढून टाका. झीज न कापता पूर्ण भरपाई देणारे कलम नव्या गाडीला पहिली दोन-तीन वर्षे विचारात घ्यायला हरकत नाही, कारण एरवी प्लास्टिक, रबर आणि बॅटरीवर निम्मी रक्कम कापतात. जुन्या गाडीला ते नको.

तिसरी, पण उलट्या बाजूची. हप्ता कमी दिसावा म्हणून एजंट गाडीची किंमत मुद्दाम कमी लिहितो. दर विचारताना तीन कंपन्यांना एकाच किमतीवर विचारा, नाहीतर तुलना होत नाही. गाडी चोरीला गेली तर मिळायची रक्कम हीच. विहिरीवर गाडी लावून रात्रीचे पाणी धरणाऱ्यांनी हे विसरू नये. चोरी झाली तर त्याच दिवशी पोलिसात फिर्याद आणि कंपनीला खबर, आणि दोन्ही किल्ल्या जपून ठेवा.

गाडी विकताना

एक धोका आपण शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर विकत घेतो. गाडी विकली, स्टॅम्पवर सह्या केल्या, पैसे घेतले, पण टीटी फॉर्म आरटीओत गेलाच नाही. सुप्रीम कोर्टाने २०१८ साली नवीन कुमार खटल्यात स्पष्ट केले की आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव तोच मालक, भरपाई त्याच्यावर. गाडी चार हात पुढे गेली असेल, तरी नोटीस तुमच्या दारात. फॉर्म २९ आणि ३० स्वतः आरटीओत द्या आणि पोच जपून ठेवा. विकत घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी.

वीस रुपयांचे काम

बँकेत खाते असलेल्या १८ ते ७० वर्षांच्या प्रत्येकाला प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा मिळतो. बायकोचा, मुलाचा, सुनेचा, सगळ्यांचा काढा. ३१ मेच्या सुमारास खात्यात पैसे नसतील तर तो तुटतो, तेव्हा मे महिन्यात पासबुक बघा. राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या घरातील एक जण, वय १० ते ७५, अपघाती मृत्यूला दोन लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, तोही उशीर न करता. हे उपकार नाहीत. आणि ही दोन्ही मिळून १५ लाख होत नाहीत, त्यामुळे गाडीचा विमा सोडायचे हे कारण नव्हे.

आपली मागणी आणि आपले काम

खासगी गाडीच्या पॉलिसीत लिहिलेले असते की सामान वाहून नेण्यासाठी वापर चालणार नाही, स्वतःजवळचे किरकोळ सामान सोडून. आता दुधाचा कॅन किरकोळ आहे की नाही? खताचे पोते? ज्याने हे लिहिले त्याने शहरातली ऑफिसला जाणारी गाडी डोळ्यांसमोर ठेवली. शेतकऱ्याच्या दुचाकीवरचा शेतमाल आणि निविष्ठा पॉलिसीत बसल्या पाहिजेत, ही मागणी आपण लावून धरू. मागे बसणाऱ्याचे संरक्षण थर्ड पार्टीतच सक्तीचे व्हावे, ही दुसरी मागणी. ट्रकखाली येणारा परका माणूस कायद्याला दिसतो आणि आपल्या पाठीमागे बसलेली आपली बायको दिसत नाही, हा कुठला न्याय?

कंपनीने दावा अन्यायाने नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग विमा लोकपालाकडे. पुण्यात आणि मुंबईत कार्यालये आहेत. फी नाही, वकील लागत नाही. अपघाताच्या भरपाईचा अर्ज न्यायाधिकरणात सहा महिन्यांत करावा, अशी तरतूद १ एप्रिल २०२२ पासून आली आहे. तेव्हा दहावे-तेरावे झाले की कागद गोळा करायला लागा. हे काम त्या घरातल्या माणसांना सुचत नाही. ते कार्यकर्त्याने करायचे.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावच्या कार्यकर्त्याने एक यादी आणावी. गावात गाड्या किती, विमा चालू कितींचा, पॅकेज किती, लायसन किती, स्टॅम्पवर विकलेल्या किती. पुढची लढाई लढायला माणसे शाबूत पाहिजेत, आणि त्यांच्या घरच्या बाया शाबूत पाहिजेत.

आणि आज घरी जाताना एवढे करा. गाडीच्या डिकीतला किंवा मोबाईलमधला तो कागद काढा आणि त्यावर "पॅकेज" लिहिले आहे की "लायबिलिटी" ते वाचा. मग मागे कोण बसते ते आठवा.